गॅस गिझरवर ‘ई१’ का येतं, आणि तेव्हा काय करू नये

डिसेंबरातली सकाळ, साडेपाचचा सुमार. दर्यापूर तालुक्यातलं मामाचं गाव. अंगणात धुकं उतरलेलं आणि न्हाणीतून मामीची हाक: “अरे, याच्यावर इंग्रजी अक्षर आलं, पाह्य बरं!”

उठून गेलो. भिंतीवरच्या गॅस गिझरच्या पोटावर काडेपेटीएवढी काच आहे. एरवी तिच्यात पाण्याचं तापमान दिसतं. आज तिथं इंग्रजी ‘ई’ आणि पुढे १, अशी उघडझाप चालली होती. मामा माझ्याआधी पोचले होते. नळ चारदा चालू-बंद करून झाला होता, डब्यावर दोन थापा मारून झाल्या होत्या आणि आता त्यांच्या हातात टेस्टर होता. झाकणाचा एक स्क्रू अर्धा बाहेर आलेला.

“मागच्या साली मिस्त्री म्हणे, दोन वायरी डायरेक्ट करून देतो, मंग अक्षर येतच नाही,” मामा म्हणाले. “तवाच करून घ्याले पाह्यजे होतं.”

नाही केलं ते बरं झालं. का बरं झालं, ते सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या खेड्यांत तांब्याचा बंब माळ्यावर गेला. पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळून पाणी तापवायचे दिवसही कमी झाले, आणि त्या जागी हा पांढरा डबा आला. सोबत इंग्रजी पुस्तिका आली, ती कपाटावर गेली. डबा अडला की तो काहीतरी दाखवतो. ते वाचायचं कसं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुठं थांबायचं, हे कुणी सांगितलंच नाही.

आधी हा पेटतो कसा?

आपण गरम पाण्याचा नळ उघडतो. आत येणारं पाणी एका रबरी पडद्याला ढकलतं आणि पडदा एक बटण दाबतो. खालच्या खणातल्या दोन मोठ्या शेलमधून वीज जाते आणि टक-टक-टक ठिणगी पडू लागते. त्याच वेळी गॅसची झडप उघडते, भप्‌ आवाज होतो आणि ज्योत धरते.

इथवर बहुतेकांना अंदाज असतो. पुढची पायरी मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ज्योत खरंच लागली का, हे गिझर तपासून पाहतो. बर्नरवर दोन सुया असतात. एक ठिणगी देते, दुसरी ज्योतीत नुसती उभी राहते. ज्योतीतून अगदी किंचित वीज वाहू शकते, अँपिअरच्या दशलक्षांश हिश्श्यांत मोजावी इतकी. तेवढी वीज त्या सुईतून आली की गिझर समजतो, ज्योत आहे. काही सेकंदांत आली नाही, तर तो झडप मिटतो. नाहीतर न पेटलेला गॅस न्हाणीत साचत राहिला असता.

जिनिंगच्या फाटकावर कापसाची गाडी येते तेव्हा असंच असतं. आधी काटा, मग ओलावा, मग प्रत. एका ठिकाणी अडली की गाडी पुढे जात नाही. गिझरही पाणी, ठिणगी, गॅस, ज्योत अशी एकेक चौकी पार करत जातो. मध्ये अडला की थांबतो आणि कुठल्या चौकीवर अडला तेवढं काचेवर लिहितो. त्या लिहिण्याला एरर कोड म्हणतात. यापुढे नुसतं ‘कोड’ म्हणू.

बऱ्याच मॉडेलांत ‘ई१’चा अर्थ एवढाच असतो: पेटवायचा प्रयत्न केला, ज्योत सापडली नाही. बाकीचे कोड पाणी फार तापलं, तापमान मोजणारा सेन्सर तुटला, पंखा फिरत नाही, असल्या तक्रारींचे. पण आकडे सगळीकडे सारखे नसतात. एका कंपनीचा ‘ई३’ दुसरीकडे भलतंच सांगतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या गिझरची यादी आपल्याला लावू नये. आपल्या मॉडेलची यादी पुस्तिकेत असते, कधी डब्यावरच्या स्टिकरवरही छापलेली असते. काही गिझर तर ठरावीक वेळ, बहुधा २० मिनिटं, सलग चालले की आपोआप बंद होतात आणि तसं दाखवतात. तो बिघाड नव्हेच, आंघोळ लांबली एवढंच.

कोड म्हणजे जागल्याची आरोळी

रात्री शेतात जागलीला बसलेला माणूस ओरडतो, तेव्हा डुकरं आलीत हे कळतं. कुठल्या धुऱ्यावरून आली, कुंपण कुठे तुटलं, हे त्याच्या आरोळीत नसतं. ते आपण बॅटरी घेऊन जाऊन पाहायचं. कोडचंही तसंच. ‘ज्योत नाही’ एवढं तो सांगतो. शेल उतरले म्हणून नाही, सिलिंडर संपत आला म्हणून नाही, की सुईवर काजळी बसली म्हणून नाही, हे त्याला माहीत नसतं.

थंड देशांत घर तापवायला तळघरात गॅसची भट्टी असते. तीही असंच बोलते, फक्त तिच्यात बहुधा एक छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो आणि माणसं लुकलुक मोजत बसतात. तिथंही पेटायचे काही प्रयत्न फसले की भट्टी स्वतःला कुलूप लावून घेते. म्हणजे आमच्या मामीची तक्रार बर्फातल्या माणसालाही नवी नाही.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. कोड दिसला की आधी मोबाईलनं काचेचा फोटो, आणि बाजूच्या पट्टीवरच्या मॉडेल नंबरचा फोटो. शेल काढले की कोड पुसला जातो आणि मग मिस्त्रीला “काहीतरी इंग्रजी होतं” एवढंच सांगता येतं.

झाकण न उघडता पाहण्यासारखं

सगळ्यात आधी नाक. खाली वाकून जमिनीजवळचा वास घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. उभ्या माणसाच्या नाकाला उशिरा कळतो. त्याला स्वतःचा वास नसतो, तो कळावा म्हणून मुद्दाम उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. वास आला, तर पुढचं काहीच करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाइटचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही, आणि सगळ्यांनी बाहेर. फोन बाहेर गेल्यावर. गळतीसाठीचा क्रमांक १९०६.

वास नसेल तर शेल. टॉर्चमध्ये पूर्वी घालायचो ते मोठे. टकटक हळू झाली किंवा थांबून-थांबून येऊ लागली, तर शेल उतरलेत. दोन्ही एकदम बदलायचे, एक जुना एक नवा असं नको. त्यांच्या पत्र्यावर हिरवट-पांढरी बुरशी चढली असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. मामाचे शेल दिवाळीतले होते आणि ठिणगी छान पडत होती, म्हणजे ही चौकी पार.

मग पाणी. पडदा ढकलायला पाण्याला जोर लागतो, आणि जोर टाकीच्या उंचीवरून येतो. ढोबळ हिशेब असा: टाकी १० मीटर उंच असेल तर सुमारे १ बार दाब. खेड्यातल्या पुष्कळ घरांत टाकी न्हाणीच्या स्लॅबवरच ठेवलेली असते, शॉवरच्या वर जेमतेम पाच फूट. तिथं दाब होतो ०.१५ बारच्या आसपास. किमान दाब किती लागतो ते गिझरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, ते दुकानातच पाहून घ्यावं. नळ पूर्ण उघडूनही टकटक सुरूच होत नसेल, तर बहुधा गडबड पाण्यात आहे, आगीत नाही.

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आणि बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या घरांत आणखी एक भानगड असते. गिझरमध्ये पाणी जिथून शिरतं तिथं एक बारीक जाळी असते. तिच्यावर क्षार आणि टाकीतला गाळ बसतो. ज्या पुस्तिकेत ही जाळी घरच्यांनी साफ करायला सांगितली आहे, तिथं गॅस आणि पाणी दोन्ही बंद करून ती काढावी, जुन्या दातब्रशनं घासावी आणि परत बसवावी. आतल्या तांब्याच्या नळ्यांत बसलेला क्षार मात्र घरी खरवडायचा नाही. ते मिस्त्रीचं काम.

आणि मग गॅस. इथं जरा थांबतो, कारण थंडीत सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात. “शेगडी तर पेटते, म्हणजे सिलिंडर भरलेलं आहे,” असं आपण म्हणतो. पण शेगडीचा मोठा बर्नर आणि गिझर यांच्या भुकेत फार फरक आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर एकाच वेळी पाच-सहा मोठे बर्नर जाळण्याइतकी आग लागते. सिलिंडरमध्ये गॅस पातळ, द्रवरूप असतो. त्याची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती उष्णता तो स्वतःतून, लोखंडी टाकीतून आणि भोवतीच्या हवेतून ओढतो. नागपूर-गोंदियाकडे पारा १० अंशांखाली उतरतो त्या पहाटे हवेतच ऊब नसते. त्यात सिलिंडर तळाला गेलेलं असेल तर उष्णता द्यायला द्रवही थोडा आणि त्याला लागलेलं लोखंडही थोडं. वाफ कमी बनते. तेवढ्यावर चहा होतो, गिझर पेटत नाही किंवा पेटून विझतो. आणि काच म्हणते, ‘ई१’.

मामाच्या घरी हेच झालं होतं. सिलिंडरला हात लावला, तर तळापासून वितभरच गार ओल धरली होती. म्हणजे आत द्रव उरला होता तेवढाच. दुसरं सिलिंडर लावलं, गिझर पेटला. टेस्टर खिशात गेला.

अशा वेळी एक खोड फार दिसते: सिलिंडर गरम पाण्याच्या टबात उभं करणं, किंवा “उरलेला गॅस” निघावा म्हणून ते आडवं पाडणं. आडवं पडलं की वाफेऐवजी द्रवच नळीत शिरू शकतो आणि ज्योत हातभर बाहेर येते. गरम पाणी ओतल्यानं आतला दाब वाढतो. दोन्ही नको. वीतभर गॅस वाया गेला तर जाऊ द्या. तो चहाला लावा.

एकाच रेग्युलेटरवर टी जोडून शेगडी आणि गिझर दोन्ही चालवणारी घरंही आहेत. तिथं शेगडी पेटली की गिझर विझतो, आणि तो जोड स्वतःच गळतीची जागा असतो. नारिंगी सुरक्षा नळीलाही वय असतं, पाच वर्षांनी ती बदलायची. तिच्यावर तारीख छापलेली असते, एकदा वाचून पाहा.

पुन्हा पेटवायचा, पण किती वेळा?

प्रत्येक फसलेल्या प्रयत्नात थोडा गॅस न जळता बाहेर येतो. एकदा, दोनदा काही बिघडत नाही. पण मामांसारखं लागोपाठ चार-पाच वेळा केलं, तर डब्यात आणि चिमणीत गॅस गोळा होतो आणि सहाव्या ठिणगीला तो एकदम भडकतो. भुवया जळालेली माणसं बहुधा “शेवटचं एकदा पाहतो” म्हणालेली असतात.

माझा नियम साधा आहे. नळ बंद, पाच मिनिटं थांबा, दार उघडं, वास पाहा, मग पुन्हा एक प्रयत्न. असे एकूण तीन. तिसऱ्यांदाही तोच कोड आला की गिझरचा गॅस नॉब बंद करायचा आणि त्या दिवशी चुलीवर पाणी ठेवायचं. पाणी फार तापल्याचा कोड असेल तर तीनचीही मुभा नाही, कारण तो कोड म्हणजे गिझरनं स्वतःला जळण्यापासून वाचवलेलं असतं. आतलं पाणी अजून उकळत असतं. त्या वेळी नळ उघडणाऱ्याचा हात भाजतो.

“दोन वायरी डायरेक्ट केल्या तर काय होतं?”

आपल्याकडे ‘डायरेक्ट’ हा एक धर्मच आहे. डीपीचा फ्यूज उडाला, टाक तार. मोटरचा स्टार्टर ट्रिप होतो, कर डायरेक्ट. पाणी लागतं, लाइन रात्री दोनला येते, मिस्त्री तालुक्याला आहे. माणूस काय करणार? मला ती लाचारी समजते. मोटर डायरेक्ट केली तर फार तर मोटर जळते, नुकसान हजारांत जातं. गिझर डायरेक्ट केला तर आत आंघोळ करणारं माणूस असतं, आणि दाराला आतून कडी असते.

डायरेक्ट करणं म्हणजे वरच्या चौक्यांपैकी एक उडवणं. पाण्याचं बटण उडवलं तर पाणी नसतानाही आग चालू राहते आणि तांब्याची नळी वितळेपर्यंत तापते. पाणी फार तापलं की आग तोडणारा कट-आउट उडवला तर उकळतं पाणी अंगावर. काही गिझरांत न्हाणीतला ऑक्सिजन कमी झाला की आग विझवणारा सेन्सर असतो. तो “सारखा बंद पडतो” म्हणून उडवला, तर काय उडवलं हे पुढच्या भागात कळेल. कोड येणं बंद होतं हे खरं. डुकरं येणं बंद होत नाही.

ज्याला कोडच नसतो

त्या सकाळी गिझर पेटला, तेव्हा डब्यावरच्या छोट्या भोकातून मी आत पाहिलं. ज्योत निळी हवी होती. खालून निळी होती, पण टोकं पिवळी, लांब आणि लवलवती होती. वरच्या कडेला पत्र्यावर काळा पट्टा उमटला होता. काचेवर मात्र सगळं ठीक होतं. ४१ अंश, कोड वगैरे काही नाही.

‘ई१’पेक्षा मला याची जास्त भीती वाटली. पिवळी ज्योत आणि काजळी म्हणजे गॅस अर्धवट जळतोय. पुरेशी हवा मिळाली तर गॅस जळून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. सिलिंडरच्या गॅसमधला वासाचा पदार्थही ज्योतीत जळून गेलेला असतो, त्यामुळे ती खूणही उरत नाही.

हवा अपुरी कशी पडते याचा हिशेब करून पाहा. गिझर पूर्ण आगीवर २० मिनिटं चालला तर सुमारे ३०० ग्रॅम गॅस जळतो. एक किलो गॅसला पंधरा-सोळा किलो हवा लागते, म्हणजे इथं पावणेपाच किलो. मोजमापात ती होते सुमारे ४ घनमीटर. आता ४ बाय ५ फुटांची, ८ फूट उंचीची न्हाणी घ्या. तिच्यात हवा असते साडेचार घनमीटर. म्हणजे दोन माणसांच्या लागोपाठ आंघोळीत गिझर जवळजवळ अख्खी न्हाणी पिऊन टाकतो. खिडकीच्या फटीत थंडीसाठी पोतं कोंबलेलं असतं, दाराखाली फडकं. ऑक्सिजन संपेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. तो उतरू लागला की आग आधीच बिघडते.

हा वायू शरीरात काय करतो? रक्तातलं हिमोग्लोबिन म्हणजे ऑक्सिजन वाहून नेणारी एसटी समजा. कार्बन मोनॉक्साइड तिच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरतो, आणि ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. गाडी धावते, सीट भरलेल्या दिसतात, पण मेंदूच्या स्टँडवर उतरायला ऑक्सिजन नावाचा प्रवासीच नसतो. हवेच्या दर दहा हजार भागांत याचे १६ भाग झाले, तर २० मिनिटांत डोकेदुखी, चक्कर, मळमळ सुरू होते. आंघोळीलाही तेवढाच वेळ लागतो. पाय आधी गळतात, त्यामुळे कळतं तेव्हा कडी काढायला उठता येत नाही. दर हिवाळ्यात पेपरात न्हाणीतल्या मृत्यूच्या बातम्या येतात. त्यांतला गिझर पुष्कळदा नीट चालत असतो, म्हणजे पाणी गरम देत असतो.

करोनात घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर इथं उपयोगाचं नाही, उलट फसवतं. ते एसटीच्या कंडक्टरसारखं सीट भरली की नाही एवढंच पाहतं, रुमाल आणि प्रवासी यांतला फरक त्याला कळत नाही. मरायला टेकलेल्या माणसाच्या बोटावरही ते ९८ दाखवू शकतं.

कुणी न्हाणीत पडलेलं सापडलं, तर दार सताड उघडा, श्वास रोखून आत जा, गॅस बंद करा आणि माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा. आत बसून तोंडावर पाणी शिंपडत राहू नका, नाहीतर दुसरा माणूस पडतो. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, “न्हाणीत गॅसचा गिझर चालू होता.” साध्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा उतरायला चार-पाच तास लागतात. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच तासा-दीड तासावर येतं. म्हणून माणूस शुद्धीवर आला, “आता बरं वाटतं” म्हणाला, तरी दवाखान्यात न्यायचंच.

“आमच्याकडे आठ वर्षं झाली, काही झालं नाही”

मामाही हेच म्हणाले. आठ वर्षांत काय बदललं ते पाहू. बर्नरच्या भोकांत कोळ्यानं जाळं केलं असेल. शेजारच्या खोलीत भाव वाढेल म्हणून कापूस भरून ठेवला असेल. त्याची रुई घरभर उडते आणि बर्नर जिथून हवा ओढतो तिथं जाऊन बसते. तांब्याच्या पट्ट्यांत काजळी साचली असेल. आणि मागच्या उन्हाळ्यात न्हाणीला नवीन लोखंडी दार आलं, घट्ट बसणारं. जुन्या लाकडी दाराच्या फटी हीच त्या गिझरची हवा होती, ती गेली.

मिस्त्रीनं डबा उघडला तेव्हा बर्नरच्या तोंडातून कापसाची करंगळीएवढी वळकटी निघाली. आठ वर्षं काही झालं नाही, कारण ती वळकटी आठ वर्षं वळली जात होती.

“पण आमच्याकडे एक्झॉस्ट फॅन आहे,” हा दुसरा आक्षेप. फॅन हवा बाहेर फेकतो हे बरोबर. पण त्याच्या जागी नवी हवा यायला खाली जाळी नसेल, तर तो ती कुठूनही ओढतो, गिझरच्या चिमणीतूनसुद्धा. म्हणजे बाहेर चाललेला धूर उलटा आत. वर निकास आणि खाली आवक, दोन्ही लागतात. “खिडकी उघडली तर थंडी वाजते,” हेही खरं आहे. त्यासाठी आधी बादली भरून घ्या, गिझर बंद करा, हवा खेळू द्या आणि मग दार लावून आंघोळ करा. बंबाच्या काळात आपण हेच करत होतो.

माझं स्पष्ट मत आहे की चालू गॅस गिझर न्हाणीच्या आत असूच नये. मागच्या अंगणात, पत्र्याच्या आडोशाखाली, वारा-पावसापासून जपून तो बाहेरच्या भिंतीवर लावावा आणि पाइपानं फक्त पाणी आत आणावं. प्लंबर म्हणतो पाइप लांबतो, पाणी थंड होतं. होतं थोडं. नवीन घेताना आयएस १५५५८ या मानकाचा आयएसआय शिक्का पाहावा आणि ऑक्सिजन कमी झाल्यावर बंद होण्याची सोय आहे का ते विचारावं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही मिळतो. ज्यांना गिझर हलवणं शक्यच नाही त्यांनी निदान तो लावावा, आणि आंघोळीला जाताना आतून कडी घालू नये.

मिस्त्री आल्यावर

तो येईल तेव्हा फोटो दाखवा आणि टकटक होत होती का, शेगडी चालू होती का, सिलिंडर कधी बदललं, हे सांगा. एवढ्यावर चांगल्या मिस्त्रीचं निम्मं काम होतं. बर्नर, सुया, तांब्याच्या पट्ट्या साफ करून घ्या. जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते तुमच्यासमोर पाहायला सांगा, काडी पेटवून नव्हे. काम झाल्यावर भोकातून ज्योतीचा रंग तुम्ही स्वतः पाहा. आणि त्यानं “डायरेक्ट” हा शब्द काढला, तर चहा पाजून वाटेला लावा.

मामाकडचा मिस्त्री तीन दिवसांनी आला. तोवर माळ्यावरचा बंब खाली उतरला, चिंचेनं घासला गेला आणि मामीनं त्यात तुराट्या घातल्या. संक्रांतीला गेलो तेव्हा गिझर मागच्या भिंतीवर पत्र्याखाली होता. मामीची एकच तक्रार होती, पहिली अर्धी बादली थंडच येते. ती कढीपत्त्याच्या झाडाला जाते.